विद्रोहाचे छायाचित्र आणि त्याखालची ओळ

१

दलित कवितेची, आत्मकथनांची, जलशांची आणि लोकनाट्याची चर्चा आपल्या नियतकालिकांतून भरपूर झाली. चळवळीच्या छायाचित्रांकडे मात्र समीक्षेच्या नजरेने आपण क्वचितच पाहिले. याला एक साधे व्यावहारिक कारण होते. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात छायाचित्र छापावयाचे म्हणजे जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे, आणि वर्गणीदारांच्या पैशावर चालणाऱ्या लहान नियतकालिकाला तो खर्च झेपत नसे. त्यामुळे आपली चळवळ आपल्या शब्दांत राहिली, परंतु तिची चित्रे बव्हंशी मोठ्या भांडवलाच्या वृत्तपत्रांकडे राहिली. दुसरे कारण अधिक खोल आहे. कविता कोणीतरी लिहितो, म्हणून तिचा अर्थ लावावा लागतो. छायाचित्र मात्र यंत्र काढते, म्हणून ते दिसते तसे खरे, अशी आपली समजूत असते. ही समजूत आपल्याला महाग पडलेली आहे.

मोर्चाचे छायाचित्र काढणारा माणूस पोलिसांच्या रांगेमागे उभा राहतो की मोर्चेकऱ्यांच्या रांगेत, हे तो ठरवतो. छत्तीस चित्रांच्या रोलमधून एक निवडले जाते, ते संपादक ठरवतो. त्या चित्राची कोणती बाजू कापावयाची हे पान लावणारा ठरवतो. आणि अखेरीस चित्राखाली एक ओळ येते, ती कार्यालयात बसलेला उपसंपादक लिहितो. इतक्या हातांतून गेलेली वस्तू तटस्थ कशी असेल? यांतील प्रत्येक हाताला जात आहे, वर्ग आहे, पूर्वग्रह आहेत. पैकी जागेची आणि निवडीची चर्चा कधीमधी होते. त्या शेवटच्या ओळीची होत नाही.

मला प्रस्तुत लेखात असे म्हणावयाचे आहे की विद्रोहाच्या छायाचित्राचा अर्थ चित्राइतकाच त्याखालच्या ओळीत ठरतो. ज्या ओळीत माणूस नाही, त्याची मागणी नाही, गाव नाही आणि तारीख नाही, ती ओळ लढणाऱ्या माणसाचे रूपांतर नुसत्या सोसणाऱ्या माणसात करते. म्हणून छायाचित्रकाराचे काम कळ दाबल्यावर संपत नाही. ती ओळ ही त्याची जबाबदारी आहे, आणि चळवळीचीही आहे.

२

मी अक्कलकोटचा. आमच्या गावात तसबिरीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. स्वामी समर्थांच्या दर्शनाला आलेला भाविक परतताना तसबीर घेऊन जातो. संस्थानाच्या काळातील शस्त्रागार पाहावयास लोक येतात. वटवृक्षाचे देऊळ आणि भोसल्यांचा राजवाडा या दोन चित्रांवर गावाची बाहेरची ओळख उभी आहे. या दोन्हींमध्ये आमच्या वस्त्या दिसत नाहीत. मात्र वस्तीतल्या घरात पाऊल टाकले की भिंतीवर दुसरेच चित्र दिसते. वर तथागत आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली स्टुडिओत काढलेला घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोटो. आजोबा खुर्चीवर बसलेले, पायात बूट, मनगटावर घड्याळ, खिशाला पेन. शेजारी आजी ताठ उभी. कुठे फौजेच्या गणवेशातला मुलगा. मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा.

या फोटोंना आपले काही सुशिक्षित मित्र हसतात. पांढरपेशांचे अनुकरण, असे ते म्हणतात. मला ते मान्य नाही. ज्या माणसाला पाटलासमोर खाटेवर बसण्याची मुभा नव्हती, ज्याला गावातून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत, तो माणूस बूट घालून खुर्चीवर बसतो आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाहतो, ही साधी गोष्ट नव्हे. बाबासाहेबांचा सूट आणि हातातला ग्रंथ यांचा अर्थ आपल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी पंडितांच्या आधी ओळखला होता. निषेधाचे छायाचित्र म्हणजे फक्त मूठ वळलेला मोर्चा, अशी व्याख्या केली तर हा फोटो तीत बसत नाही. मग ती व्याख्याच अपुरी आहे.

या फोटोत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. तो काढावयाचा की नाही हे बसणाऱ्याने ठरवले. कसे बसावयाचे हेही त्यानेच ठरवले; छायाचित्रकार मजुरी घेऊन त्याचे काम करीत होता. आणि फोटो त्याच्याच घरी आला. पुष्कळदा पाठीमागे शाईने नाव, गाव, साल लिहिलेले असते. निर्णय, मांडणी आणि मालकी अशा तिन्ही बाबतींत चित्रातला माणूस स्वतंत्र होता. पुढच्या सगळ्या छायाचित्रांना मी हीच कसोटी लावणार आहे.

एक गोष्ट आणखी. महाडचे चवदार तळे म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब येतात. घराघरांत दिसणारी ही प्रतिमा चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी घडवली आहे. ती थोर आहे यात शंका नाही. परंतु त्या प्रतिमेत बाबासाहेब बहुधा एकटे असतात किंवा मागचे लोक पुसट असतात. २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर गेलेली ती हजारो माणसे कोण होती, कोणत्या गावांहून आली, परतताना त्यांच्यातल्या कोणाकोणाला मार बसला, हे चित्र सांगत नाही. नेत्याची प्रतिमा ठसठशीत आणि लोक धूसर, ही सवय आपण स्वतःलाही लावून घेतली आहे. दोष केवळ प्रस्थापित वृत्तपत्रांचा नाही.

३

आता गर्दीच्या चित्राकडे वळू. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. लेखक आणि चित्रपट-दिग्दर्शक नामदेवराव व्हटकर यांनी ती पदरचा पैसा घालून चित्रित केली. एखाद्या मोठ्या कंपनीने किंवा सरकारी खात्याने पाठवलेला हा माणूस नव्हता. हे दृश्य आपण जपले नाही तर दुसरे कोणी जपणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज त्या रिळांमुळे आपल्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोटलेली माणसे दिसतात. त्यांचा दुःखावेग दिसतो, आणि त्याबरोबर त्यांची शिस्तही दिसते. मला येथे छायाचित्रकाराच्या भूमिकेचे पहिले उदाहरण सापडते. व्हटकर त्या गर्दीचे होते. ते बातमी घ्यावयास आले नव्हते.

याच गर्दीचे दुसरे चित्रही आपण पाहतो. ६ डिसेंबरला दरवर्षी लाखो माणसे दादरला येतात. उंचावरून काढलेल्या फोटोत ती एका पसरलेल्या डागासारखी दिसतात, आणि खालच्या ओळीत गर्दी, वाहतूक, कचरा हे शब्द येतात. त्या मैदानावर पुस्तकांची केवढी विक्री होते, खेड्यातली बाई पदराच्या गाठीतले पैसे सोडून पुस्तक कसे घेते, हे चित्र काढावयाचे तर खाली उतरून गर्दीत शिरावे लागते. उंच जागा फक्त कॅमेऱ्याची नसते. ती समाजातली जागाही असते.

आमच्या तालुक्यातही हा अनुभव आहे. एकदा तहसील कचेरीवर भूमिहीनांचा मोर्चा गेला. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात फोटो आला आणि त्याखाली मोर्चामुळे रस्ता दोन तास अडल्याची ओळ आली. फोटो खोटा नव्हता. रस्ता खरोखरच अडला होता. परंतु गायरान जमिनीची मागणी, किती वर्षांपासून अर्ज पडून आहेत, कोणत्या गावांची माणसे आली, यातले अक्षरही त्या ओळीत नव्हते. म्हणजे अडवणूक आम्ही केली एवढेच वाचकाने वाचले; आमची अडवणूक कोणी केली हे त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही.

नामांतराच्या लढ्याचेही असेच झाले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला, मराठवाड्यात हिंसाचार उसळला, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत माणसांनी १९७९ चा लाँग मार्च काढला, सत्याग्रह केले, तुरुंग भरले. तरीही नामांतर म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर आधी जळालेली घरे येतात. जळालेले घर दाखवलेच पाहिजे. त्यात दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तेवढेच दाखवले तर सोळा वर्षांचा इतिहास एका आगीत आटोपतो आणि लढणारी माणसे आपल्याच लढ्यातून गळून पडतात.

४

छायाचित्र केवळ लढणाऱ्याला धूसर करते असे नाही. ते त्याला आरोपीही करू शकते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक महामार्गावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवीत होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असा पवित्रा घेण्यात आला, आणि त्याच्या समर्थनार्थ जळत्या वाहनांची चित्रफीत लोकांपुढे आली.

या चित्रफितीचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने केला पाहिजे. चित्रफितीत ज्वाळा दिसतात. ज्वाळा खऱ्या आहेत. परंतु गोळी आधी सुटली की आग आधी लागली, हे ज्वाळा सांगू शकत नाहीत. ती आग आणि ती माणसे यांच्यात अंतर किती होते, हेही त्या सांगू शकत नाहीत. जी गोष्ट चित्रात नाही ती चित्राबरोबर बोलल्या जाणाऱ्या वाक्याने भरून काढली. येथे ‘ओळ’ छापलेली नव्हती, सांगितलेली होती. परंतु काम तिने तेच केले. पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबाराचे समर्थन होऊ शकत नाही असा निष्कर्ष काढला आणि २००९ साली संबंधित पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले. पण तोपर्यंत टँकरची प्रतिमा सर्वसामान्य वाचकाच्या मनात घर करून बसली होती. आयोगाचा अहवाल किती जणांनी वाचला, आणि ज्वाळा किती जणांनी पाहिल्या?

याला उत्तर म्हणून आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट महत्त्वाचा ठरतो. चौदा वर्षांच्या चित्रणातून तो २०११ साली पुरा झाला. गोळीबारानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, तेथून या शोधाचा आरंभ आहे. पटवर्धन टँकरची चित्रे टाळीत नाहीत. ते तीच चित्रे पुन्हा दाखवून आधी काय आणि नंतर काय हा प्रश्न विचारतात, वस्तीतल्या माणसांना बोलू देतात, आणि वर्षानुवर्षे तेथे परत जातात. दिग्दर्शक जन्माने दलित नाही, आणि त्याच्या काही राजकीय निष्कर्षांशी आपल्यातल्या अनेकांचे मतभेद आहेत, ते असावेतही. परंतु प्रतिमेला प्रतिमेने उत्तर देताना काळाचा क्रम आणि माणसाचे बोलणे परत मिळवावे लागते, हा धडा त्याने घालून दिला.

५

सर्वांत अवघड प्रश्न मृतदेहाच्या छायाचित्राचा आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी कित्येक आठवडे या घटनेची नीट दखल घेतली नाही. मग त्या मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरू लागली, फलकांवर लागली, आणि लोक रस्त्यावर आले. ती छायाचित्रे नसती तर खैरलांजी दडपली गेली असती, हे म्हणणे मला खरे वाटते. त्याच वेळी, विटंबना झालेल्या स्त्रीचा देह चौकाचौकात लावणे म्हणजे ती विटंबना पुन्हा करणे आहे, हे आपल्या अनेक भगिनींचे म्हणणेही खरे वाटते. या दोन खऱ्या गोष्टींपैकी एक निवडून मोकळे होता येत नाही.

ज्या काळ्या पँथर चळवळीवरून १९७२ साली आपल्या पँथरने नाव घेतले, त्या काळ्या लोकांच्या इतिहासात याला जवळचे एक उदाहरण आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हालहाल करून मारले. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ‘जेट’ या काळ्या लोकांच्या साप्ताहिकात छायाचित्रकार डेव्हिड जॅक्सन यांनी काढलेले त्या चेहऱ्याचे छायाचित्र छापले गेले आणि नागरी हक्कांच्या चळवळीची एक पिढी त्या चित्राने जागी झाली.

दोन्ही छायाचित्रे भयंकर आहेत. फरक कोठे आहे? एमेट टिलचे चित्र दाखवण्याचा निर्णय त्याच्या आईचा होता, चित्र काढणारा आणि छापणारा त्यांच्याच समाजातला होता, आणि त्याच वेळी लोकांसमोर त्या मुलाचा हसरा, टोपी घातलेला जिवंत फोटोही होता. खैरलांजीची चित्रे मात्र अशा कोणत्याही निर्णयाविना फिरली. त्यांना धड ओळ नव्हती. सुरेखा भोतमांगे ही जमिनीसाठी ठामपणे उभी राहिलेली, साक्ष द्यावयास न भिणारी, मुलांना शिकवणारी बाई होती, हे त्या चित्रांमधून कळत नव्हते. कळत होते ते फक्त तिच्या शेवटच्या तासांचे. खटल्यात न्यायालयांनी या हत्याकांडाला अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. त्यातले जातीचे कारण मानले गेले नाही. तेव्हा मला वाटते की चित्र दाखवणे किंवा न दाखवणे यापेक्षा, कोणी आणि का मारले हे सांगणारी ओळ चित्राबरोबर गेली की नाही, हा प्रश्न अधिक मोठा होता. ओळ नसली की अत्याचार ‘अमानुष घटना’ होतो. अमानुष घटनेला जात नसते, आणि जात नसली की कोणी जबाबदारही नसते.

६

आता जिवंत माणसांच्या अलीकडच्या तीन प्रतिमा पाहू.

पहिली प्रतिमा पायांची. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघून सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालत मुंबईला आला. त्यात आदिवासींची संख्या फार मोठी होती आणि २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनी नावावर व्हाव्यात ही त्यांची प्रमुख मागणी होती. त्या मोर्चातली सर्वांत गाजलेली छायाचित्रे फोड आलेल्या, कातडी सोललेल्या तळव्यांची होती. मुंबईकर हेलावले, पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. त्यांच्या चांगुलपणाला मी नाव ठेवणार नाही. परंतु तळव्याला चेहरा नसतो आणि तळवा मागणी सांगत नाही. पायांना चप्पल देता येते, सातबारा नाही. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये त्याच माणसांना चालावयास निघावे लागले. करुणेची ओढ तिसऱ्या वेळेपर्यंत टिकत नाही; हक्काची मागणी मात्र टिकून राहिली.

अमेरिकन कला-इतिहासकार मार्टिन बर्जर यांनी १९६३ च्या बर्मिंगहॅममधल्या छायाचित्रांबद्दल असाच मुद्दा २०११ साली मांडला. कुत्रे अंगावर सोडलेले, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली चिरडलेले काळे लोक गोऱ्या वृत्तपत्रांनी ठळक छापले; कारण त्या चित्रांत गोरे करणारे आणि काळे सोसणारे होते. गोऱ्या वाचकाची कणव जागी झाली, परंतु त्याचे वरचे स्थान हलले नाही. हा मुद्दा आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो.

दुसरी प्रतिमा उन्याची. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारण्यात आले, आणि मारणाऱ्यांनीच त्याचे चित्रण करून ते पसरवले. येथे छायाचित्रकार हाच अत्याचारी होता. त्या चित्राची ओळ त्याच्या मते धमकीची होती. गुजरातच्या दलितांनी ती ओळच बदलली. त्यांनी मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. आपली गाय आपणच ओढा, हे त्या दृश्यात कोणालाही वाचता येत होते. मेलेली ढोरे ओढण्याचे सोडण्याचा आपला महाराष्ट्रातला लढा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दृश्याचे नाते सांगावयास नको. मारणाऱ्याच्या चित्राला त्यांनी स्वतः रचलेल्या चित्राने उत्तर दिले. कॅमेऱ्याला नंतर फक्त टिपावयाचे होते.

तिसरी प्रतिमा आपल्या जवळची. जयपूरला राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. ८ ऑक्टोबर २०१८ रोजी औरंगाबादहून गेलेल्या कांताबाई अहिरे आणि शीलाबाई पवार या दोन स्त्रियांनी त्या पुतळ्याला काळे फासले. त्यांना अटक झाली. त्या दृश्यात साडी नेसलेली कष्टकरी बाई मनूच्या पुतळ्यापर्यंत चढून गेलेली दिसते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तिचा धागा एक्क्याण्णव वर्षांनी एका बाईच्या हातात दिसतो. हे छायाचित्र पाहून कणव येत नाही. काहींना राग येतो, काहींना आनंद होतो, पण त्या बाईची कीव कोणालाच करता येत नाही. मुख्य म्हणजे तिची नावानिशी ओळख झाली. स्टुडिओतल्या खुर्चीवर बसलेल्या आजोबांचा आणि पुतळ्यावर चढलेल्या या बाईचा गुण एकच आहे : कॅमेऱ्यासमोर काय घडावयाचे ते त्यांनी ठरवले.

७

मग छायाचित्रकाराने काय करावे? दलित साहित्याच्या चर्चेत एक जुना वाद आहे : दलितेतराला दलित साहित्य लिहिता येईल काय? तोच प्रश्न कॅमेऱ्यालाही विचारता येईल. माझे मत असे की स्वानुभवाची बरोबरी सहानुभूती करू शकत नाही. वस्तीतल्या मुलाच्या हातात कॅमेरा आला की चित्रातल्या माणसाचा चेहरा सैल होतो, हे आपण पाहतो. परंतु जन्म पुरेसा नाही. आपल्यातलाही एखादा मुलगा पुरस्कारासाठी आपल्याच माणसांची दैना विकू शकतो. म्हणून कसोटी जबाबदारीची लावावी. चित्र काढणारा परत आला काय? चित्र त्या वस्तीत पोहोचले काय? चित्रातल्या माणसाने त्याखालची ओळ ऐकली काय?

मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. या कसोटीवर ते काम मला मोलाचे वाटते. गटारात उतरलेला माणूस दाखवून ते थांबले नाहीत. त्याच्या घरी गेले, त्याची बायको, मुले, व्यसन, आजार, सण हे सारे पाहिले, आणि वर्षानुवर्षे त्या माणसांशी संबंध ठेवला. तरीही एक धोका उरतोच. यातले गटारातले एकच चित्र उचलून दुसरीकडे छापले की ते ‘गरिबीचे दर्शन’ होते. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा हा नोकर किंवा तिच्या कंत्राटदाराचा मजूर आहे, आणि त्याला गटारात उतरवणारी व्यवस्था जातीची आहे, ही ओळ गळाली की चित्र कितीही उत्तम असो, ते अर्धे खोटे होते.

येथे माझ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप येईल. नाव लिहा म्हणता, परंतु मोर्चाचे चित्रण पोलीसही करतात. भीमा कोरेगावनंतर ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये किती तरुणांवर गुन्हे दाखल झाले! फोटोत चेहरा दिसला म्हणून नोकरी, शिक्षण, पासपोर्ट अडकलेला मुलगा तुम्हाला माफ करील काय? हा आक्षेप मी पूर्णपणे मानतो. म्हणूनच नाव देण्याचा अधिकार छायाचित्रकाराला नाही, आणि संघटनेलाही नाही. तो चित्रातल्या माणसाचा आहे. त्याने नको म्हटले तर चेहराही छापू नये. परंतु नाव वगळले म्हणून सगळी ओळ वगळण्याचे कारण नाही. कोणते गाव, कोणती तारीख, कोणती मागणी, कोणाविरुद्ध, एवढे लिहिल्याने कोणावर गुन्हा दाखल होत नाही. आणि पंचवीस-तीस वर्षांनी, धोका टळल्यावर, ती नावे लिहिता यावीत म्हणून ती कोठेतरी जपून ठेवणे हे संघटनेचे काम आहे.

८

आज परिस्थिती उलटी झाली आहे. ब्लॉकच्या खर्चाची अडचण गेली. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. १४ एप्रिलच्या एका मिरवणुकीचे आपण हजारो फोटो काढतो आणि मोबाइलवरून पुढे पाठवतो. चित्रांचा तुटवडा संपला, ओळींचा मात्र वाढला. फोटो कोणत्या गावचा, कोणत्या सालचा हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक नसते. एका जिल्ह्यातल्या अत्याचाराचा फोटो दुसऱ्या जिल्ह्याच्या नावावर फिरतो, आणि मग विरोधकांना सगळेच खोटे म्हणावयास संधी मिळते. आपल्या खऱ्या वेदनेवरचा विश्वास आपल्याच निष्काळजीपणाने उडतो.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे मी काही साधी कामे ठेवतो. ती करावयास पैसा लागत नाही. अक्कलकोट, दुधनी, मैंदर्गीसारख्या गावांतले जुने फोटो स्टुडिओ बंद पडत आहेत. त्यांच्याकडच्या निगेटिव्ह भंगारात जाण्याआधी मालकांना भेटावे आणि वस्तीतल्या लोकांच्या, सभांच्या, जयंत्यांच्या निगेटिव्ह मागून घ्याव्यात. घराघरांतल्या भिंतीवरचे फोटो उतरवून त्यांच्या मागे, घरच्यांना विचारून, नाव, गाव, साल लिहावे. आमचा तालुका सीमेवरचा आहे. अनेक म्हाताऱ्या माणसांची आठवण कन्नडमध्ये अधिक मोकळी होते, तेव्हा त्यांची ओळ कन्नडमध्ये ऐकावी आणि दोन्ही भाषांत लिहावी. अक्कलकोटहून सोलापूरला जाताना वळसंग लागते. तेथे आपल्या माणसांनी श्रम करून खोदलेली विहीर १९३७ साली बाबासाहेबांच्या हस्ते खुली झाली. त्या विहिरीचे फोटो आज पुष्कळ निघतात. ती खोदणाऱ्यांची जी नावे गावात अजून आठवत असतील, ती त्या फोटोखाली आली पाहिजेत. तहसिलीवर मोर्चा न्यावयाचा असेल तेव्हा घोषणा लिहिणाऱ्याइतकाच महत्त्वाचा एक माणूस ठरवावा. त्याने चित्रे काढावीत, प्रत्येक चित्राची ओळ त्याच दिवशी, संबंधित माणसासमोर वाचून लिहावी, आणि वृत्तपत्राला चित्र देताना ओळीसकट द्यावे. वृत्तपत्र ती ओळ बदलील. बदलू दे. आपल्याजवळची मूळ ओळ मात्र राहील, आणि पुढचा इतिहासकार दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचील.

आपली नावे गावाने शतकानुशतके अर्धवट तोडून, हिणवून उच्चारली. बाबासाहेबांच्या चळवळीने ती पुरी उच्चारावयास शिकवली. छायाचित्राखाली ती नावे पुरी लिहिणे हा त्याच चळवळीचा राहिलेला भाग आहे. हे काम लवकर केले पाहिजे, कारण ज्यांना ती नावे ठाऊक आहेत ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.